निळ्या पुठ्ठ्याचं भाषांतर

१

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तरलोक लग्नं गाठतात, आंबे चोखतात आणि दुपारी पंख्याखाली पालथे पडतात. १९६८ सालच्या उन्हाळ्यात मीनाक्षीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. तिच्या वाट्याला तीन पुस्तकं आली.

पुस्तकं तीन, पण आतली गोष्ट एकच. ग्रीक लोकांचं अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं महाकाव्य. परमुलखातली लढाई जिंकून घरी निघालेला राजा समुद्रात भरकटतो आणि घर सोडल्याला वीस वर्षं झाल्यावर परत येतो. तोवर त्याची बायको दाराकडे डोळे लावून बसलेली असते. कॉलेजात बी.ए.च्या वर्गाला हे काव्य पुढच्या वर्षी लागणार होतं. औरंगाबादेत मूळ ग्रीक कुणाला येत असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणजे इंग्रजी भाषांतर लावणं आलं. ते कोणतं लावायचं हे ठरवण्याचं काम विभागप्रमुख केशवरावांनी मीनाक्षीच्या गळ्यात घातलं.

"बाई, आपली पोरं कुठली? लासूर स्टेशनची, गंगापूरची, करमाडची," ते म्हणाले. "पहिल्याच पानावर झोपली तर वर्ष वाया. तिन्हीतलं जे वाचवेल ते निवडा, का निवडलं ते दोन पानांत लिहा, आणि पंधरा जूनच्या आत मला द्या."

मीनाक्षी स्वतः करमाडची. शेतकऱ्याच्या घरातून निघून इंग्रजीची लेक्चरर होईपर्यंत तिच्या नाकी नऊ आले होते, त्यामुळे यादीतलं शेवटचं नाव तिला जरा झोंबलं. पण केशवरावांचं चूक नव्हतं. ती पुस्तकं पिशवीत घालून सायकलरिक्षानं छावणीतल्या घरी आली.

एक जाडजूड, यमकं जुळवलेलं पद्यातलं. दुसरं काळ्या कापडी बांधणीचं, शंभर वर्षांपूर्वीच्या गद्यातलं, ज्यात स्वयंपाकीणसुद्धा बायबलातल्यासारखी बोलते. तिसरं निळ्या कागदी पुठ्ठ्याचं, हल्लीचं, साध्या बोलीतलं. एवढ्यावरून कुणीही निळं उचललं असतं. पण मीनाक्षीला कारणं द्यायची होती, आणि तिची कारणं काढायची एक स्वतःची रीत होती. त्या रीतीचं नाव आवडाबाई.

२

आवडाबाई म्हणजे मीनाक्षीची आत्या. आईमागं तिनंच हिला वाढवलं. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण जन्मभर पोथ्या ऐकून तिचा कान असा तयार झाला होता की वाचणारा कुठं अडखळला, कुठं नुसताच पुढं रेटतोय, हे तिला बसल्या जागी कळे. गोष्ट ऐकताना ती वाक्यागणिक "हूं" म्हणायची. हुंकार दिला नाही तर सांगणाऱ्याची गोष्ट वाट चुकते, असं करमाडला लहान पोरही जाणतं. मीनाक्षी वर्गात शिकवायचं काहीही आधी आत्याला मराठीत सांगून बघायची. आत्याचा हुंकार वेळेवर आला तर पोरांना समजणार. उशिरा आला तर कुठंतरी गाठ आहे. अशा जागी ती समासात पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवी.

या खेपेला मात्र तिचं मन कचरत होतं. कारण आत्याचीच गोष्ट तशी होती.

आत्याचे यजमान बन्सीमामा अठ्ठेचाळीसच्या श्रावणात, निजामाच्या अमलाचे शेवटचे दिवस चालू असताना, फडक्यात भाकरी बांधून घरातून निघाले. लासूर स्टेशनावर गाडीत बसून हद्दीपलीकडच्या छावणीत जायचं होतं, जिथून चळवळीची माणसं येत-जात. "आठ दिवसांत येतो," म्हणाले. महिन्याभरात पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, गेलेली माणसं हार घालून परत आली. बन्सीमामा आले नाहीत. कुणी मेलेलं पाहिलं नाही, कुणी जिवंत पाहिलं नाही. बारा वर्षं झाल्यावर भावकीनं दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून टाकू म्हटलं. आत्या म्हणाली, माणसाचं करा, गवताचं मी करू देणार नाय. तो विषय तिथंच मिटला.

अशा बाईला ही गोष्ट ऐकवायची म्हणजे जखमेवरची खपली काढायची. पण काम होतं, आणि खरं सांगायचं तर मीनाक्षीला आत्याशिवाय वाचायची सवयच नव्हती.

पहिल्या दुपारी ती पुस्तक घेऊन बसली, तेव्हा आत्यानं समोरच्या भिंतीशी एक रिकामा पाट मांडला.

"हा कशाला?"

"पोथी लावली की पाट ठिवत्यात. मारुतराय ऐकाया येतो."

"आत्या, ही रामाची कथा नाही. परदेशातली आहे. यात मारुती कुठून येणार?"

"नसंल येत," आत्या म्हणाली. "पर कथा म्हणली की कुणीतरी येतंच. त्यानं काय उभ्यानं ऐकायचं?"

मीनाक्षी हसली. पाट राहिला.

३

घर म्हणजे एकापाठोपाठ एक तीन खोल्या. पुढची बैठकीची, मधली झोपायची, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. उन्हाळ्यात पुढच्या दाराला वाळ्याचा पडदा असे. आत्या त्यावर तांब्यातांब्यानं पाणी मारी, आणि दुपारी दोन वाजताही त्या खोलीत शहाबादी फरशी पायाला गार लागे. बाहेर रस्ता सुनसान. आतमध्ये मीनाक्षीचा आवाज, आत्याचा हुंकार, आणि कोपऱ्यातल्या माठाचं पाणी झिरपल्याचा वास.

तिनं तिन्ही पुस्तकांतला एकच उतारा घेतला. राजा मेलेल्यांच्या मुलखाच्या काठावर जातो तो. त्याला एकाशीच बोलायचं असतं, म्हणून तो त्याला बोलावतो. पण येतात सगळेच. म्हातारे, नवऱ्या मुली, भाल्यानं मेलेले शिपाई, चहूबाजूंनी गर्दी करतात.

पद्यातलं सांगताना तिचं मराठीही फुगलं. आत्या चक्क माठाकडे बघत बसली. काळ्या पुस्तकाच्या वेळी हुंकार आले, पण रेंगाळत. समासात अकरा रेघा पडल्या. निळं उघडलं आणि मराठी आपोआप सरळ झालं. हुंकार वाक्याला लागून येत होता. दीड पानात एकही रेघ नाही. मीनाक्षीला इतकं बरं वाटलं की ती थांबलीच नाही, आणखी चार पानं सांगून गेली.

"कसं वाटलं?" तिनं पुस्तक मिटत विचारलं.

आत्या दचकली. पदरानं तोंड पुसलं. "लई झोप आली बग. ते म्हातारे-कोतारे आले, तव्हाच डोळा लागला माजा."

"मग हूं हूं कोण म्हणत होतं?"

"मी नाय."

म्हातारे-कोतारे पहिल्याच पानावर येतात. मीनाक्षीनं मागं उलटून पाहिलं. पाच पानांचा समास कोरा करकरीत होता. झोपेतही तोंडातून सवयीनं हुंकार जात असेल, असं तिनं ठरवलं. सवय काय, माणूस झोपेत चालतंसुद्धा.

४

काम तसं संपलं होतं. निळं पुस्तक ठरलं, दोन पानांचा कागदही लिहून झाला. पण आत्या अडून बसली. लावलेली पोथी अर्धी ठेवायची नसते. आता सगळी ऐकव. मीनाक्षीनं पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि रोज दुपारी दोन ते चार हा नेम पडला.

पाचव्या की सहाव्या दिवशी राजाच्या तराफ्याचं वर्णन चाललं होतं. झाड तोडलं, फळ्या तासल्या, भोकं पाडली. डोकं पुस्तकात, एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, एक मराठीत सांगायचं. हूं. पुढचं वाक्य. हूं. आणि मागच्या दारातून पाण्यानं भरलेली घागर घेऊन आत्या आत आली.

"नळ आला व्हता," ती म्हणाली. "तुला सांगून गेले की. तू आपली पुस्तकात."

मीनाक्षीनं समोर पाहिलं. भिंत होती, पाट होता. पाटाच्या वर, छताजवळ झरोका होता, आणि झरोक्यात पारवे बसतात हे तिला ठाऊक होतं. पारवा घुमतो तेव्हा हूं असाच आवाज येतो. तिचा जीव भांड्यात पडला. स्टूल घेऊन ती वर चढली, हात घालून पाहिलं. झरोक्याला आतून जाळी होती आणि जाळीवर सालोसालची धूळ. पीस नाही, काडी नाही.

ती खाली उतरली, हात धुतला, आणि चहा टाकला. पारवा बाहेरच्या बाजूला बसत असेल. असतोच.

पण दुसऱ्या दिवसापासून ती कान देऊन ऐकू लागली, आणि एकदा कान दिल्यावर मग गंमत उरली नाही. हुंकार दोन होते. आत्याचा जवळचा, जरा खरखरीत. दुसरा त्याच्या पाठीला लागून, खालच्या पट्टीतला, पाटाच्या बाजूचा. तिनं मुद्दाम काळं पुस्तक घेऊन पाहिलं. दुसरा हुंकार बंद. निळं घेतलं, पुन्हा सुरू. पारव्याला भाषेतला फरक कळत नाही.

५

"तुलाबी ऐकू आलं नव्हं?" आत्यानं भाकरी थापता थापता विचारलं. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन, तव्यावर भाकरी फुगलेली.

मीनाक्षीनं चहाची कपबशी उचलली.

"मला पयल्या आठवड्यातच आलं. मी बोलले नाय, म्हणलं तू भिशील." आत्याचा चेहरा इतका निवांत तिनं कधी पाहिला नव्हता. "तेच हायेत."

"आवाज ओळखू आला तुला?"

"हूं मधून काय वळखू येतं बाई? वीस वर्सं झाली. पर ते उजव्या अंगाला बसायचे माज्या. पाट उजवीकडंच हाय."

"पाट तूच मांडलास, आत्या."

आत्यानं भाकरी उलटली. "काल तू कालेजात गेलतीस तव्हा मी बसले तिथं. म्हणलं, बरं हाय का तुमचं? तर म्हणले, हूं. लई चाललासा का? हूं. मला न्यायला आलासा? हूं." ती भाकरीकडेच बघत होती. "कव्हा, म्हणून इचारलं. त्याचं उत्तर हूं मधी कसं द्यायचं, गप्पच बसले. मग मीच म्हणलं, कथा संपल्यावर? तर म्हणले, हूं."

मीनाक्षीनं हातातली कपबशी खाली ठेवून विचारलं, "आणि तू जाणार?"

"नवरा न्यायला आला तर बायकू जात नाय व्हय?" आत्या म्हणाली. तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मीनाक्षीला रडूच आलं. तिला या जगात दुसरं कुणी नव्हतं, आणि ही बाई पिशवी भरून माहेराहून सासरी निघाल्यासारखी बोलत होती.

६

मीनाक्षी शिकलेली होती. शिकलेल्या माणसानं भ्यायच्या आधी तपासून पाहावं, असं ती पोरांना सांगायची. दोन दिवसांनी सकाळी दहा वाजता आत्या छावणीच्या बाजारात भाजीला गेली, तेव्हा मीनाक्षीनं पुढचं दार आतून लावलं, पाटासमोर बसली आणि निळ्या पुस्तकातलं एक वाक्य मराठीत सांगितलं.

"हूं."

स्वच्छ, मध्यम, ना प्रेमाचा ना रागाचा. कानापासून चार हातांवर. तिनं फरशीवर दोन्ही तळवे टेकले.

"तुम्ही बन्सीमामा आहात?"

"हूं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच मामा तिला खांद्यावर घेऊन करमाडच्या बाजारात हिंडवायचे. क्षणभर तिला वाटलं, आत्याचं खरं असेल, आणि खरं असेल तर आपण कोण मध्ये पडणार. पण तपासणी अर्धी ठेवायची नाही, म्हणून तिनं पुढचं वाक्यही बोलून टाकलं.

"तुम्ही बन्सीमामा नव्हे."

"हूं."

तोच सूर. तेवढाच लांब.

"आत्याला तुम्ही ओळखत नाही."

"हूं."

"तुम्ही कोणीच नाही."

"हूं."

मीनाक्षीनं तोंड मिटलं. आता तिला काही विचारायचं नव्हतं. बाहेर कल्हईवाल्याची हाक गेली, रस्त्यावरून टांगा गेला. ती उठायला लागली, तेव्हा कुणी काही न बोलताच पाटाकडून आणखी एक हुंकार आला. गोष्ट सांगणारा मध्येच थांबला की ऐकणारा पुढं चला म्हणून जसा देतो, तसा.

७

हे आत्याला सांगायचा तिनं दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आत्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं विषय बदलला. वीस वर्षांनी त्या बाईला कुणीतरी हूं म्हटलं होतं.

तिनं दुसरी वाट काढली. दुपारी बसताना काळं पुस्तक घेतलं, आणि त्याचंही जितकं अवघड करता येईल तितकं केलं. शब्द जड, वाक्यं लांब, क्रियापद पार टोकाला. राजाला त्याच्या मुलखाच्या किनाऱ्यावर झोपलेला ठेवून खलाशी निघून जातात, हा प्रसंग तिनं असा सांगितला की वर्गात सांगितला असता तर पोरांनी बाकं वाजवली असती. दुसरा हुंकार एकदाही आला नाही.

"मीने," आत्या हळूच म्हणाली, "त्यास्नी समजंना गं. सोपं वाच."

"मला असंच येतं आत्या."

"तुला कसं येतं ते मी तू आठवीत व्हतीस तव्हापासून ऐकते."

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीनं तिन्ही पुस्तकं पिशवीत घातली आणि ग्रंथालयात परत केली. काकासाहेब ग्रंथपाल म्हणाले, निळं राहू द्या की, सुट्टी आहे अजून. ती नको म्हणाली. केशवरावांचा कागद तिनं फाडून नवा लिहिला: तिन्हीत काळं पुस्तक योग्य. पोरांना ते वाचवणार नव्हतं हे तिला पुरतं ठाऊक होतं. कुणाला सहज वाचता येऊ नये, आणि ऐकायला कुणी येऊ नये, म्हणूनच तिनं ते निवडलं होतं. कागद दिल्यावर तिला स्वतःची शरम वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

८

परत यायला तीन वाजले. रिक्षा कोपऱ्यावर सोडून ती उन्हातून चालत आली. दाराला कडी नव्हती, नुसता वाळ्याचा पडदा, ताजं पाणी मारलेला. आतून आत्याचा आवाज येत होता.

"...मंग तो राजा म्हणला, आता काय व्हईल ते होऊ. लाकडं तोडली, फळ्या केल्या. पोटाला बांधली भाकर. बायकू घरी वाट बघती, दुसरं काय बी ध्यानात नाय त्याच्या..."

आत्या स्वतःच सांगत होती. मीनाक्षीनं महिनाभर सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं, आणि त्यात एक शब्द अवघड राहिला नव्हता. समुद्राची गोदावरी झाली होती, तराफ्याची नाव झाली होती. कुठल्याच पुस्तकात इतकं सोपं भाषांतर मीनाक्षीनं पाहिलं नव्हतं.

"हूं."

ती पडद्याबाहेर उभी राहिली. तळवे भाजत होते, चपलेतूनसुद्धा. आत्यानं पुढचं वाक्य सांगितलं, आणि हुंकार आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, मधल्या खोलीच्या दाराशी असल्यासारखा. पुढच्या वाक्याला तिसरा. मग तिनं मोजायचं सोडलं. बारीक, जाड, म्हातारे, बाईमाणसाचे. कुणी घाई करत नव्हतं. खोली भरून माणसं बसावीत आणि सगळ्यांनी एका लयीत ऐकावं, तसं चाललं होतं. पारव्यांची अख्खी ढाबळ आली असेल, असंही तिनं मनाशी म्हणून पाहिलं.

"...आणि त्याला झोपेतच त्याच्या गावाच्या काठावर ठिवलं. गाव त्याचंच, पर त्याला ठावं नाय." आत्या थांबली. "हितून पुढं मला येत नाय. मीना दारातच हाय. ती सांगंल."

हुंकार एकदम बंद झाले.

मीनाक्षीनं चपला काढल्या आणि पडदा सारून आत गेली. खोलीत आत्या होती, पाट होता, आणि फरशी नेहमीसारखी गार. आत्यानं उजवीकडे न बघता डाव्या हातानं तिला बसायची जागा दाखवली. आत्याचे डोळे चमकत होते. मीनाक्षीला एवढंच कळलं की कथा संपल्यावर न्यायचं ठरलंय, तर कथाच अशी संपवायची की आलेला परत जाईल.

"राजा जागा झाला," तिनं साध्यात साध्या मराठीत सुरुवात केली. "टेकडीवर चढला. लांबून त्याला घर दिसलं, चुलीचा धूर दिसला. अंगणात बायको धान्य पाखडत होती. तब्येतीनं बरी होती. राजा खूप वेळ बघत राहिला. मग मनाशी म्हणाला, हिनं आपल्या मागं सगळं निभावलंय. हिला माणसं आहेत, हिच्यावर कुणाचा जीव आहे. आता आपण मध्ये जायचं नाही. तो टेकडी उतरला, नावेत बसला आणि निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. संपली."

एकही हुंकार आला नाही. माठाचं पाणी ठिबकलं.

"पुस्तकात असंच हाय?" आत्यानं विचारलं.

पुस्तकातलं म्हणून मीनाक्षीनं आत्याला आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. "असंच आहे," ती म्हणाली.

९

आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर सारखा केला.

"तर मग कोपऱ्यापतूर पोचवून येते," ती म्हणाली. "आलेल्या माणसाला दारातनं घालवायचं नसतं."

मीनाक्षी पडदा बाजूला धरून दारात उभी राहिली आणि आत्याला जाताना बघत राहिली. भर उन्हात ती म्हातारी रस्त्याच्या डाव्या कडेनं सावकाश चालत होती, उजवीकडं जागा ठेवून. समोरून छावणीतला एक शिपाई सायकलवर आला. आत्यापाशी आल्यावर त्यानं घंटी वाजवली आणि पार पलीकडच्या गटाराजवळून सायकल नेली. एका म्हातारीसाठी एवढं लांबून जायची गरज नव्हती. पुढं गेल्यावर त्यानं एकदा मागं वळून पाहिलं आणि जोरात पायडल मारलं.

कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. तिथं आत्या थांबली. तिचं तोंड हलताना दिसत होतं. मीनाक्षीला एरवी कधी आठवले नव्हते तेवढे देव आठवले. आत्या आता गिरणीपलीकडे वळते का, एवढंच तिला बघायचं होतं. वळली असती तर ती अनवाणी धावत सुटणार होती.

आत्या वळली, ती घराकडे. पावलं भराभर पडत होती. मीनाक्षीच्या जिवात जीव आला, डोळे भरून आले, आणि आत्या दारापाशी येईपर्यंत ती ओल्या पडद्याला धरूनच राहिली.

"गेले?" तिनं विचारलं.

आत्याला धाप लागली होती, पण चेहरा उजळलेला होता, लग्नघरातल्या बाईसारखा.

"मी म्हणलं, तो राजा गेला तर गेला, त्याचं त्याला ठावं. तुमी ऱ्हाता का?" ती म्हणाली. "तर म्हणले, हूं. मंग म्हणलं, ज्यांना कुणाला ऱ्हायचं असंल त्यांनी चला."

मीनाक्षीच्या हातून पडदा सुटला. ती दोन पावलं मागं खोलीत आली. बाहेर आत्या उंबऱ्याशी थांबली आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाजूला झाली. घरात शिरताना तिच्या पिढीच्या बायका आधी नवऱ्याला आत जाऊ देत, तशी.

वारा नव्हता. पडद्याची एक कड हातानं धरावी तशी उचलली गेली, खाली आली. पुन्हा उचलली गेली. आत्या मान खाली घालून उभी होती. एका माणसाला आत यायला जेवढा वेळ लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ ती तशीच उभी राहिली, आणि पडद्याची कड उचलली जात होती, खाली येत होती. खोलीतला गारवा हळूहळू अंगाला लागायला आला.

मीनाक्षी भिंतीला सरकली आणि तिनंही वाट दिली.